चालेल की!

मासा मी खात नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही आणि तक्रार म्हणूनही सांगत नाही. पुढची हकीगत वाचताना वाचकांचा भलता समज होऊ नये म्हणून सांगतो. जिवंत मासा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात, तिकीट काढून. अशा माणसावर वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी अमेरिकेत जाऊन मासे पकडायचं यंत्र निवडण्याची जबाबदारी येते, यात माझा दोष असलाच तर एवढाच, की स्वस्तातली चांगली वस्तू हुडकून काढणारा माणूस अशी आमच्या घरात माझी ख्याती आहे.

ही ख्याती मी चाळीस वर्षं घासाघीस करून मिळवलेली आहे. आमच्या घरातला पंखा जुन्या बाजारातला. फिरताना तो दर फेऱ्याला एकदा 'कुई' करायचा. सौ. म्हणाली, "अहो, याच्या आवाजात झोप कशी लागायची?" मी म्हटलं, "चालेल की! सवय होईल." झाली. एकोणीस वर्षांनी पंखा जळाला तेव्हा त्या भयाण शांततेने आम्हां दोघांना आठवडाभर झोप आली नाही.

तर आमची मंजू आणि जावई जयंतराव मिशिगन राज्यात ग्रँड रॅपिड्स नावाच्या गावी राहतात. तिथून तासाभराच्या आत मोटारीने लेक मिशिगनच्या काठी जाता येतं. लेक म्हणजे आपण तळं म्हणतो, पण त्या शब्दावर जाऊ नये. त्या तळ्याचं क्षेत्रफळ सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा जवळजवळ पाचवा हिस्सा. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, दीपगृहं आहेत. नाही ते फक्त मीठ. आमच्या सौ.नी चूळ भरून खात्री करून घेतली.

जयंतराव मूळचे मालवणचे. लहानपणी आजोबांबरोबर होडीतून गळ टाकायला गेलेला हा माणूस वीस वर्षं संगणकापुढे बसला. मध्यंतरी चार-पाच महिने नोकरी नव्हती. ती परत मिळाल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही, की एक सोळा फुटी अॅल्युमिनियमची जुनी होडी घेतली. मंजूने होडीला मान्यता दिली, पण पुढच्या सरंजामाला तीनशे डॉलरची मर्यादा घातली. जयंतरावांना हवे होते दोन डाउनरिगर. तीनशेत ते बसत नव्हते. वाद मिटेना तेव्हा मंजू म्हणाली, "बाबा, तुम्ही बघा. तुम्हाला बरोबर कळतं." जन्मभर हिशेब तपासण्याची नोकरी केलेल्या माणसाला एवढं पुरे. मी त्याच रात्री वही घातली.

डाउनरिगर म्हणजे काय ते आता सांगितलंच पाहिजे. उन्हाळ्यात तळ्याचं वरचं पाणी तापतं. सामन माशाला साधारण बारा अंश सेल्सियसचं गार पाणी मानवतं, त्यामुळे तो साठ, सत्तर, कधी शंभर फूट खाली जाऊन राहतो. (मे महिन्यात महाबळेश्वरला जाणाऱ्या मंडळींनी त्याला नावं ठेवू नयेत.) होडी तर ताशी दोन-तीन मैलांनी पुढे चाललेली. मागे सोडलेलं आमिष त्या ओढीने वरवरच तरंगत येतं. खाली न्यायचं तर वजन हवं. पण दोरीलाच दहा पौंड शिसं बांधलं, तर मासा लागल्यावर माणूस माशाशी झगडतोय की शिशाशी, हेच कळत नाही. म्हणून वजनाला वेगळी तार. होडीच्या काठावर एक चक्र, त्याला हात-दीड हाताची दांडी, दांडीवरून पोलादी तार खाली, तारेच्या टोकाला शिशाचा गोळा. मासे धरायची बारीक दोरी त्या गोळ्याजवळ एका चिमट्यात अडकवलेली, थेट आपण कपडे वाळत घालतो तसल्या. गोळा खाली जातो, दोरीला आणि आमिषाला सोबत नेतो. माशाने तोंड घातलं की चिमटा सुटतो, वाकलेली काठी ताडकन सरळ होते, आणि पुढचा मामला फक्त मासा आणि माणूस यांच्यातला. शिसं तिथून बाजूला होतं. नवरा-बायकोच्या भांडणात अशी सोय असती, तर आमच्या वाड्यातले निम्मे शेजारी बेकार झाले असते.

चित्र पाहताक्षणी मी म्हटलं, "हा तर रहाट!" आमच्या वाड्यात विहीर होती आणि बाराव्या वर्षापासून घागर ओढायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे या विषयातला माझा अधिकार एकदम वाढला.

वहीत मी रकाने पाडले. सगळ्यांत स्वस्त म्हणजे अगदी लहान, हाताने फिरवायचा रहाट; नवा दीड-दोनशे डॉलरपासून मिळतो. लहान होडीला हलका, पण त्याला गोळाही हलका लावायचा, आणि हलका गोळा खोल पाण्यात होडीमागे फरफटत जातो. तार तिरपी होते, आकड्याचं यंत्र ऐंशी फूट दाखवतं आणि गोळा असतो त्याच्या बराच वर. म्हणजे यंत्र खोटं बोलत नाही, फक्त किती तार सोडली ते सांगतं. खोली आपण समजून घ्यायची. (सरकारी अहवाल वाचायची सवय असली की हे जड जात नाही.) त्याच्या वरचा म्हणजे मोठा, हाताचाच, पण दहा पौंडांचा गोळा पेलणारा. आणि सगळ्यांत वर विजेचा: बटण दाबलं की गोळा आपोआप वर. त्याला बारा व्होल्टची बॅटरी, जाड वायरी, आणि एकेकाची किंमत सात-आठशे डॉलरच्या पुढेच. होडीच बाराशेची. तिच्या काठावर हे दोन बसवायचे म्हणजे सायकलला चांदीची घंटा.

शिवाय होडीचा काठ पातळ पत्र्याचा. त्यावर रहाट नुसता स्क्रूने बसवला आणि खाली गोळा कुठे अडकला तर पत्राच फाटायचा. म्हणून खालून जाड फळी घ्यायची. फळीचे सहा डॉलर मी वहीत वेगळे मांडले. असले सहा डॉलर लोक विसरतात आणि मग अंदाजपत्रकं कोसळतात.

जयंतराव रकाने बघून म्हणाले, "बाबा, विजेचं राहू द्या. हाताचा चालेल मला." मी खूश झालो. जावई तयार होत होता.

जुना मोठा हाताचा रहाट मिळाला तर सगळंच जमत होतं. तसा तो एका शनिवारी मिळाला. ग्रँड हेवनच्या वाटेवर एका घरापुढे पाटी होती आणि अंगणात टेबलावर जुनं सामान मांडलेलं. मागे खुर्चीवर पंचाहत्तरीचा एक गोरा म्हातारा, डोक्यावर टोपी, हातात कॉफी. टेबलावर दोन रहाट, जोडीचे, वीस-पंचवीस वर्षं वापरलेले. माझ्या अंगात जुना बाजार संचारला. प्रथम वस्तूकडे बघायचंच नाही. दोन-चार कपबशा उलट्या करून बघितल्या, एका इस्त्रीची चौकशी केली, आणि निघता निघता सहज विचारावं तसं विचारलं, "याचं काय घेणार?"

म्हाताऱ्याने किंमत सांगितली नाही. विचारलं, "होडी केवढी?"

"सोळा फूट."

"माणसं किती?"

हा प्रश्न माझ्या वहीत नव्हता. जयंतराव म्हणाले, "तीन. कधी चार."

मग तो उठला आणि त्याने पहिल्या रहाटाची तार ओढून दाखवली. चक्र जड, पण सुरसुर फिरलं. तारेतला एखादा तंतू तुटून वर आलाय का ते बोटाने बघायला शिकवलं. दुसऱ्याची तार ओढली, चक्र हलेना. म्हणाला, "याचा क्लच गंजून बसलाय. हा विकायचा नाही."

मी म्हटलं, "पण हातानं फिरतोय की!" खरंच फिरत होता. मूठ धरून फिरवली की तार गुंडाळली जात होती. सुटत नव्हती एवढंच. "दोन्ही मिळून नव्वद देतो. आम्ही सांभाळून वापरू. चालेल."

म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं. रागावून नाही. आपल्याकडे रिक्षावाला परगावच्या माणसाकडे बघतो तसं. मग सावकाश समजावलं. तळाशी झाडाचं खोड असतं, जुनं जाळं असतं. गोळा त्यात अडकतो आणि होडी तर पुढे चाललेली. क्लच ठीक असेल तर तो घसरतो आणि तार सुटत जाते. क्लच बसलेला असेल तर दीडशे पौंडांना न तुटणारी तार होडीचा मागचा कोपरा खाली ओढते. मोठ्या होडीला काही होत नाही. लहान होडीत मागून पाणी येतं.

मग त्याने बोट पश्चिमेकडे केलं. १९६७ सालचा सप्टेंबर त्याने पाहिलेला होता. तेव्हा शाळेत होता. या तळ्यात सामन मुळातला नव्हेच. बाहेरून शिरलेल्या एलवाइफ नावाच्या लहान माशांनी तळं भरून गेलं होतं. ते खायला कुणीतरी हवं म्हणून १९६६ साली मिशिगन राज्याने कोहो जातीचे सामन सोडले; त्यांची अंडी ऑरेगनहून आणलेली. पुढच्याच शरदात ते मासे हातभर लांबीचे होऊन किनाऱ्याशी आले आणि अख्खं राज्य वेडं झालं. ज्याला जी सापडली ती होडी घेऊन माणसं पाण्यात उतरली. २३ सप्टेंबरला वादळ झालं. इशारा दिलेला होता. उत्तरेकडे प्लॅट बेच्या बाजूला लहान होड्यांतले सात जण गेले. "सगळ्यांना वाटलं होतं चालेल म्हणून," असं तो म्हणाला. म्हणजे इंग्रजीत म्हणाला. पण मी मराठीत ऐकलं.

चांगला रहाट त्याने सत्तर डॉलरला दिला. मी साठ म्हणणार होतो, जीभ उचलली नाही. जयंतरावांना त्याने सांगितलं, लहान होडीला एक रहाट पुरे. दुसऱ्या काठीला पाण्यात डुबी मारणारी बशीसारखी चकती लावा, थोडक्या डॉलरांत मिळते. गंजलेला रहाट त्याने टेबलावरून उचलून गॅरेजमध्ये नेऊन ठेवला. मी गेल्यावर दुसऱ्या कुणीही त्याचे वीस-तीस डॉलर दिले असते. त्या माणसाच्या अंगातल्या शर्टाची कॉलर उसवलेली होती, हे हिशेब तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

गाडीत मी गप्प होतो. सौ. म्हणाली, "तब्येत बरी आहे ना? घासाघीस केली नाहीत."

रात्री झोप येईना. पंखाही नव्हता, कुई नव्हतं. मी त्या एका शब्दाचा विचार करत पडलो. 'चालेल' हा मराठीतला मोठा सोयीचा शब्द आहे. त्यात कुणाला चालेल ते सांगावं लागत नाही. तुटकी छत्री 'मला' चालेल असं म्हणणारा माणूस साधा, निगर्वी. त्याचे फोटो लावावेत. पण तीच छत्री दुसऱ्याच्या हातात देऊन 'चालेल की' म्हणणारा? तो भिजत नसतो. मी जन्मभर 'मला' आणि 'तुला' दोन्ही गाळून बोललो आणि दोन्ही रकान्यांची बेरीज काटकसर या एकाच खात्यावर मांडली. दुसऱ्या कुणाच्या वहीत हे सापडलं असतं, तर मी लाल शाईने शेरा मारला असता.

आता कुणी म्हणेल, मग काय उधळायचं? तर तसंही नाही. त्या वेळी पैसे खरोखरच नसत. कुणीतरी 'चालेल' म्हटल्याशिवाय आपल्यासारख्यांचा एकही महिना पार पडलेला नाही. प्रश्न फक्त एवढाच, की ते म्हणायचं कुणी? आणि दुसऱ्याने म्हटलं तर ते खरं मानायचं की नाही?

मंजू सातवीत असताना शाळेची सहल वेरूळ-अजिंठ्याला निघाली होती. वर्गणी दोनशे पंचाहत्तर रुपये. फ्रिजचे हप्ते चालू होते. मी वही उघडून बसलो होतो आणि पोर दारात उभी होती. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "नाही गेले तरी चालेल, बाबा." मी तिच्या पाठीवर हात फिरवला. पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट मी लोकांना कौतुकाने सांगत आलो: बघा, एवढीशी पोर, पण समज किती! तिच्या लग्नातसुद्धा सांगितली. ती प्रत्येक वेळी हसायची. तीन रात्री तिने दाराशी उभं राहून ते वाक्य पाठ केलं होतं, हे मला सौ.कडून कळलं, त्या रात्री, ग्रँड रॅपिड्समध्ये, तीसेक वर्षांनी.

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?" मी म्हटलं.

"तुम्ही इतके खूश होतात," सौ. म्हणाली आणि कुशीवर वळली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वही काढली. रहाट सत्तर, नवी तार, दोन गोळे, चिमटे, फळी, ती बशी, मासा उचलायचं जाळं. तीनशेतले शंभरावर डॉलर शिल्लक राहत होते. मंजू म्हणाली, "वा! बाबा, म्हणून तर तुम्हाला सांगितलं." तेव्हा मी होडीबरोबर आलेली तारणजाकिटं बघायला मागितली. होती चार. बुरशी आलेली, दोघांचे पट्टे कुजलेले, एक लहान मुलाचं. जयंतराव म्हणाले, "चालतील तशी..." आणि माझ्याकडे बघून थांबले.

दुकानात जाकिटांची भिंतच्या भिंत होती. सगळ्यांत स्वस्त ते नारिंगी, गळ्यात अडकवायचं. कायद्याला पुरतं, पण काठी हातात घेतली की हनुवटीला टोचतं. त्यामुळे लोक ते अंगात न घालता बुडाखाली घेऊन बसतात. मी त्याच्या वरचं घेतलं. मग त्याच्याही वरचं. चार. तीनशेची मर्यादा ओलांडली तेव्हा वरचे पैसे मी माझ्या खिशातून दिले आणि मंजूला डॉलरचे रुपये करू दिले नाहीत. सौ. लांब उभी राहून हे दृश्य बघत होती. नंतर म्हणाली, "एक बरं झालं, देवानं मला पोहता येऊ दिलं नाही."

ऑगस्टमधल्या एका पहाटे आम्ही ग्रँड हेवनच्या लाल दीपगृहावरून बाहेर पडलो. जयंतरावांचा आणि मंजूचा मासेमारीचा परवाना काढलेला. मी नुसता रहाटावर. पाणी काचेसारखं. जयंतरावांनी आमिष मागे सोडलं, दोरी चिमट्यात अडकवली आणि गोळा खाली पाठवला. आकडा सत्तरावर थांबवला. काठी धनुष्यासारखी वाकली. मग दोन तास काही झालं नाही. मासे मारणं हा छंद लोक का करतात ते मला कळू लागलं होतं: बायको-मुलांसमोर इतका वेळ काही न करता बसायला दुसरं सबळ कारण नाही. जयंतरावांनी मालवणच्या आजोबांच्या गोष्टी सांगितल्या. ते बोटावर दोरी धरून बसत आणि मासा कुठला ते ओढीवरून ओळखत. शिसं तिथेही होतंच, सुपारीएवढं.

आणि काठी ताडकन सरळ झाली.

पुढच्या दहा सेकंदांत एवढा गोंधळ झाला, की क्रम नीट आठवत नाही. जयंतरावांनी काठी उपसून काढली, दोरी करकरत पळायला लागली, ते ओरडले, "मंजू, घे! तू घे, पहिला तुझा!" मंजूने हात मागे घेतले. गालांवर लाली आली होती, डोळे त्या काठीवर खिळलेले, आणि तोंडाने ती म्हणत होती, "नाही नाही, तू ओढ. तुझा आहे तो. मला चालेल, मी बघते नुसती..."

"तिला चालणार नाही!" मी उभा राहून ओरडलो. होडी केवढ्याने तरी हलली. "जयंतराव, काठी तिच्या हातात द्या! तिला चालणार नाही म्हणून सांगतोय ना!"

दोघंही माझ्याकडे बघायला लागली. मासा काही थांबला नव्हता. मग मंजूने काठी घेतली. दोन्ही हातांनी, पोटाशी धरून, ओठ दाताखाली.

"बाबा, बसा आधी!" जयंतराव म्हणाले. "आणि गोळा वर घ्या, नाहीतर दोरी तारेत अडकेल!"

मी बसलो आणि रहाटाची मूठ धरली. सत्तर फूट, दहा पौंड. साठ. पन्नास. घागरीपेक्षा हलकं होतं, पण हात आता बारा वर्षांचे नव्हते. चाळीसवर दम लागला. मागे मंजू किंचाळत होती, हसत होती, "बाबा, बघा, बघा!" म्हणत होती, आणि मला वळून बघता येत नव्हतं, कारण आकडा अजून पस्तिसावर होता.